पाहुण्यांचे शहर आणि घरच्यांचे शहर : नांदेड व लातूर येथील करमणुकीच्या स्थळांचा विचार

करमणूक हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला तेव्हा बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला. रस्ते, पाणी, रोजगार हे विकासाचे विषय. बागा, कारंजी आणि पाळणे या पोट भरल्यानंतरच्या गोष्टी, असे सर्वसाधारण मत पडले. मला मात्र त्या हसण्यात सामील होता आले नाही. माझे मामा यात्रेत हाताने फिरवायचा रहाटपाळणा लावत असत. लोकांच्या करमणुकीवर एका घराची चूल कशी पेटते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात, आपल्या परिसरातील दोन मोठ्या शहरांत करमणुकीची व पर्यटनाची नवी स्थळे कोणासाठी उभी राहिली आणि ती कशाच्या बळावर टिकतात, या प्रश्नाचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करण्याचे योजिले आहे.

जुनी व्यवस्था : यात्रा

बागा आणि उद्याने येण्यापूर्वीही मराठवाड्यातील माणूस करमणुकीवाचून राहत नव्हता. त्याची करमणूक यात्रेत होती. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळला जातो, आणि त्याच माळावर घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशाच्या राहुट्या आणि शेतीची प्रदर्शने एकत्र नांदतात. लातूरला महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. मामांचे वर्ष या यात्रांवरच बेतलेले असे. मार्गशीर्षात माळेगाव, माघात लातूर, आणि मधल्या काळात लहानमोठ्या गावांचे उरूस व जत्रा.

अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले तर यात्रेचे तीन गुण लक्षात येतात. पहिला, तिथे कोणालाही मज्जाव नाही. खिशात पैसे नसलेलाही दिवसभर हिंडून तृप्त मनाने घरी परतू शकतो. दुसरा, थोड्या भांडवलाच्या माणसाला धंदा करता येतो. फुगेवाला, रेवडीवाला, पाळणेवाला यांना तिथे जागा असते. तिसरा, यात्रा संपली की माळ मोकळा होतो. वर्षभराच्या देखभालीचा बोजा कोणावर पडत नाही. नव्या स्थळांचे मोजमाप याच तीन कसोट्यांवर करता येईल असे मला वाटते.

नांदेड : पाहुण्यांसाठी सजलेले शहर

श्रीगुरू गोविंदसिंहजी यांनी १७०८ साली नांदेड येथे गुरुगादी श्रीगुरू ग्रंथसाहिबाकडे सोपविली. महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. या घटनेला तीनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये गुरुतागद्दी सोहळा झाला आणि देशविदेशांतून लाखो भाविक येथे आले. त्याआधी, डिसेंबर २००५ मध्ये, केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले होते. त्यात नांदेडची निवड झाली ती शहराच्या आकारामुळे नव्हे, तर त्याच्या धार्मिक व ऐतिहासिक महत्त्वामुळे.

या दोन गोष्टींचा योग जुळून आल्याने अवघ्या तीनचार वर्षांत शहराचे रूप पालटले. रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले, यात्रेकरूंसाठी निवास उभे राहिले, विमानतळ नव्याने सज्ज झाला, आणि गोविंद बागेत गुरूंच्या जीवनावरील लेसर व रंगीत कारंजांचा खेळ सुरू झाला. एखादा सोहळा शहराला किती झपाट्याने पुढे नेऊ शकतो याचे इतके ठळक उदाहरण मराठवाड्यात दुसरे सापडणे कठीण.

परंतु सोहळ्याला अखेर असते, शहराला नसते. पुढील वर्षांत विमानसेवा अनेकदा बंद पडली व पुन्हा सुरू झाली. घाट देखणे झाले, तरी शहराचे सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न मागे उरला. असे असूनही घाटांनी एक मोठे काम केले आहे. मी काही संध्याकाळी तिथे मुद्दाम बसून पाहिले. पंजाबातून आलेले भाविक होते, तसेच शहरातील कुटुंबेही होती. कोणी घरून डबा आणलेला, कोणी लेकरांसाठी फुगा घेतलेला, कोणी नुसतेच पाण्याकडे पाहत बसलेले. पायऱ्या पाहुण्यांसाठी बांधल्या, पण त्यांवर तिकीट नव्हते; म्हणून घरच्यांनीही त्या आपल्याशा केल्या. पहिल्या कसोटीला घाट उतरतो.

लातूर : पाणी आणि विद्यार्थी

लातूरची गोष्ट निराळी आहे. या शहराचे सर्वांत प्रसिद्ध आकर्षण करमणुकीसाठी बांधलेलेच नाही. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली गंजगोलाई ही मुळात बाजारपेठ. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार दुकाने, आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफ, कापडवाले, भांडीवाले, मिरची-मसाल्याचे व्यापारी यांनी ती शंभर वर्षांहून अधिक काळ जागती ठेवली. देखभालीचा खर्च शेवटी वापरातून निघतो, हा धडा गोलाई देते.

लातूरला येणारा पाहुणाही वेगळा. नांदेडला यात्रेकरू येतो, लातूरला विद्यार्थी येतो. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने खेड्यापाड्यांतील हजारो मुलेमुली इथे खोली घेऊन राहतात. वर्ग, शिकवणी, खानावळ आणि खोली एवढाच त्यांचा दिवस. नाना-नानी पार्कसारखी एखादी बाग सोडली, तर रविवारी संध्याकाळी पैसे न मोडता चार घटका बसावे कुठे, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे. वर्गबंधूंनो, आपल्यापैकी अनेकांनी तो अनुभवला असेल. पर्यटनाच्या कोणत्याही आराखड्यात हा पाहुणा धरला जात असेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. ज्या शहराने हे दिवस पाहिले, त्याने मोठी कारंजी आणि हिरवळी यांचा मोह धरावा का, याचा विचार व्हायला हवा. सावलीची देशी झाडे, बसायला ओटे, खेळायला मोकळे मैदान आणि खुला रंगमंच यांना पाणी थोडे लागते आणि माणसे मात्र अधिक जमतात.

देखभालीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारले होते. तिथली रंगीत कारंजी पाहण्यास शाळांच्या सहली जात. पुढे देखभालीअभावी त्या उद्यानाची रया गेली.

एक अनुभव

हे सारे लिहिताना मामांचा एक प्रसंग आठवतो. एका शहरात नवी बाग झाली, म्हणून ते फाटकाबाहेर पाळणा लावण्याची परवानगी मागण्यास गेले. शहराचे नाव मी मुद्दाम घेत नाही. जागा निविदेने दिली जाईल असे उत्तर मिळाले, आणि अनामत रकमेचा आकडा ऐकून ते परत फिरले. पुढे तिथे विजेवर चालणारे पाळणे आले, त्यांचे वेगळे तिकीट आले. कुंपणाच्या जाळीला धरून उभी असलेली मुले पाहून मामा म्हणाले, "लेकराला आत जायाला तिकीट, अन् मला भाईर उभं राहायला परवाना. मंग ही बाग हाय कुणासाठी?" या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडले नाही. मामांचा मुलगा आज पुण्याला एका कारखान्यात रात्रपाळी करतो. पाळण्याचे लाकूड गोठ्यात पडून आहे.

उपसंहार

नव्या स्थळांना माझा विरोध नाही. पाहुणा आला की शहराला पैसा मिळतो आणि शहर स्वच्छ राहण्याची सवयही लागते. मागणी एवढीच की यात्रेचे गुण नव्या स्थळांत उतरावेत. प्रत्येक बागेचा काही भाग विनातिकीट असावा. लहान धंदेवाल्यांसाठी अल्प भाड्याचे गाळे वा ओटे आराखड्यातच राखून ठेवावेत. उद्घाटनाच्या खर्चाबरोबर पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद व्हावी, आणि आधी पाण्याचा हिशेब मांडावा.

पाहुणा आयुष्यात एकदा येतो. घरची माणसे रोज संध्याकाळी येतात. जी जागा त्यांना आपली वाटते, ती पाहुण्यालाही रिकामी दिसत नाही. माळेगावच्या माळावर हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. आराखड्याच्या कागदावर ते आपल्याला उमगावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.