सही झाली, सुटका व्हायची होती

न्यायाधीशांनी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर सही केली की लग्न संपतं. हुकमत गाजवायची सवय संपत नाही. पगार कुठे खर्च केलास, माहेरी कितीदा फोन लावलास, ऑफिसातून निघायला उशीर का झाला याचा हिशेब मागणारा माणूस घटस्फोटानंतरही तोच हिशेब मागतो. फक्त निमित्तं बदलतात. कधी पोरीची शाळा, कधी पोटगी, कधी त्याच्या आईने दिलेला कुकर.

मी सहकारी बँकेत काउंटरला बसते. माझ्या घटस्फोटाला आता काही वर्षं झाली. पासबुक भरून घ्यायला आलेल्या बायका मागे रांग नाही असं बघून हळूच विचारतात, "मॅडम, तुम्ही कसं केलंत?" त्यांना सांगते ते थोडक्यात असं: त्याला समजवायच्या भानगडीत पडू नका. तो कुठल्या कुठल्या वाटेने आत येतो ते बघा आणि ती वाट बंद करा. मूल असेल तर सगळ्याच वाटा बंद होत नाहीत. मग उरलेली वाट अरुंद करा आणि लेखी करा.

तोंड उघडायच्या आधी

वेगळं व्हायचं ठरलं की ते लगेच घरात जाहीर करू नका. हातातून सुटतंय हे कळलं की असा माणूस बिथरतो. जिथे हात उगारला जातो, तिथे हाच काळ सगळ्यात धोक्याचा. आधी कागद हलवा: आधार, पॅन, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, फ्लॅटचा करारनामा, दागिन्यांची बिलं, आणि मिळाल्या तर त्याच्या पगाराच्या स्लिपा. बिलं नसतील तर लग्नाचा अल्बम बाहेर काढा. अंगावर पाटल्या, तोडे स्पष्ट दिसतात ते फोटो कामी येतात. स्त्रीधन बाईचं स्वतःचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मग फोन. "आज मंडईत बराच वेळ रमलीस" असं माझा नवरा मला घरात पाऊल टाकताच ऐकवायचा. आईशी काय बोलले तेही त्याला ठाऊक असायचं. मी व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं, तर घरातल्या लॅपटॉपवर माझे सगळे मेसेज उमटत होते. गूगल मॅपवरून माझं ठिकाणही त्याला दिसत होतं. या दोन्ही गोष्टी तपासाच, आणि सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे, आधारला आणि बँकेला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय, ईमेलचा पासवर्ड बदलायचा झाला तर कोड कुणाच्या फोनवर जातो, तेही बघा. पैसे तुमचे आणि ओटीपी त्याच्याकडे, असं खातं मी काउंटरवर कितीदा तरी पाहते. बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. आणि जिवाची भीती असेल तर आधी सुरक्षित जागी पोचा, मग बंद करा, कारण बंद केलेलं त्याला लगेच कळतं. बाईच्या फोन-इंटरनेटवर अशी पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैशाची दोरी

जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. ती सवलत रद्द करून दोघांच्या सहीने व्यवहार करावेत, असं पत्र शाखेत द्या आणि पोच घ्या. लॉकरचंही तेच. गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर घटस्फोटाने बँकेचं देणं फिटत नाही. त्याने हप्ते थकवले तर नोटीस तुमच्याही पत्त्यावर येते. तुमचं नाव कर्जातून केव्हा आणि कसं निघणार, ते तडजोडीच्या कागदातच यायला हवं.

कोर्टात गेल्यावर "माझं उत्पन्नच नाही" हे ठरलेलं पालुपद ऐकू येतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते काळजीपूर्वक वाचा. त्याचे खर्च आणि त्याने दाखवलेलं उत्पन्न यांचा मेळ बसत नसेल तर ते वकिलाला दाखवा. पैसे अडवून धरणं हासुद्धा छळच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

संमती हेही हत्यार असतं

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीने अर्ज केला की साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या एका निकालानुसार परिस्थिती पाहून कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि दोरी ओढणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. "फ्लॅटवरचा हक्क सोड, नाहीतर दुसऱ्या तारखेला येत नाही." म्हणून सगळं पहिल्याच दिवशी हातचं सोडू नका. केस मागे घेणं, हक्कसोडपत्र, पैशांचा हप्ता यांचे टप्पे पाडा, आणि शेवटचा टप्पा हुकूमनाम्याच्या दिवशी येईल असं बघा.

आमच्या सहमतीच्या अटींचा मसुदा त्याच्या वकिलाकडून आला. त्यात लिहिलं होतं: 'वडील मुलीस सोयीनुसार भेटू शकतील.' आमच्या वकीलबाईंनी पेनने त्याखाली रेघ ओढली. म्हणाल्या, "सोय कुणाची? रात्री साडेदहाला दारात उभा राहिला तर त्याला कुठलं कलम दाखवणार आहात?" ते वाक्य काढून त्यांनी दीड पान लिहिलं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. न्यायला-सोडायला सोसायटीच्या गेटवर, वर घरात नाही. बुधवारी आणि रविवारी रात्री आठ वाजता पंधरा मिनिटं फोन. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची आणि पुढच्या शनिवारी भरपाई. फी थेट शाळेच्या खात्यात. पोटगी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत बँकेत, दर दोन वर्षांनी ठरलेली वाढ. पासपोर्ट कुणाकडे, परगावी न्यायचं तर किती दिवस आधी कळवायचं. बाकी बोलणं फक्त ईमेलवर.

वाचताना हे सगळं कोरडं वाटतं, पोटच्या पोरीचं वेळापत्रक रेल्वेसारखं लावल्यासारखं. पण कागदावर जे ढोबळ सुटतं, त्यावर पुढची कित्येक वर्षं रोज नवा वाद उकरता येतो.

उत्तर किती द्यायचं

त्याच्या मेलमध्ये पाच परिच्छेद असतात. माझ्या आईने पोरीला बिघडवलं, मी नोकरी करते म्हणून तिला ताप येतो, माझं घराणंच तसलं, आणि शेवटी, तिच्या बुटाचा नंबर काय? मी उत्तर देते: "बुटाचा नंबर तीन. शनिवारी अकराला ती गेटवर असेल." मुलीबद्दल विचारलेल्या प्रश्नापुरतं उत्तर. घराण्याचा बचाव नाही, खुलासा नाही, टोमणा नाही. हा मेल उद्या न्यायाधीशांसमोर वाचला गेला तर चालेल का, एवढं स्वतःला विचारून मगच पाठवा.

फोन ब्लॉक केल्यावर त्याने वेगळीच युक्ती काढली. मोबाइलवर यूपीआयने एक रुपया जमा झाल्याचा मेसेज आला. शेऱ्यात लिहिलं होतं: 'फोन उचल नाहीतर बघ.' थोड्या वेळाने पुन्हा एक रुपया, पुढचं वाक्य. मी त्याला यूपीआय अ‍ॅपवरही ब्लॉक केलं, पण आधी त्या नोंदी जपून ठेवल्या आणि खात्याचा उतारा काढला. धमकी तारीख-वेळेसकट कागदावर आली होती, तीही त्याच्याच खर्चाने. असे पुरावे पुसू नका. मोबाइलमधल्या गोष्टी कोर्टात द्यायच्या तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते वकिलाला विचारा. मूळ मेसेज फोनमध्येच राहू द्या.

मूल आणि नातेवाईक

लेकीला टपाल खातं करू नका. "बाबाला सांग फी भर" हे वाक्य तिच्या तोंडी नको, आणि "बाबा काय म्हणाला?" ही उलटतपासणीही नको. राग आला म्हणून भेट अडवू नका, कोर्टात ते तुमच्यावरच शेकतं. तो आला नाही तर तारीख-वेळ वहीत टिपा. मुलाला कोण नेऊ शकतं ते शाळेला लेखी द्या, सोबत आदेशाची प्रत. आणि मावशी-आत्या "अगं, शेवटी बाप आहे तो" म्हणत निरोप घेऊन आल्या, की चहा द्या आणि म्हणा, "त्याला मेल करायला सांगा."

निकालानंतरची कामं

मुदत ठेव, विमा, पीएफ यांवरचं नॉमिनीचं नाव घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. फॉर्म भरावा लागतो. दंडाधिकाऱ्यांनी दिलेली पोटगी थकली तर तो सुधारेल म्हणून वाट बघत बसू नका, कारण त्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. हिंसाचार कायद्याखाली मिळालेला संरक्षण आदेश त्याने मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीला १९३०. लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं यावर काही कलमं बदलतात, तेवढं वकिलाला विचारा. हुकमत गाजवणारी बायको असेल तर हिंसाचार कायद्याखाली पुरुषाला दाद मागता येत नाही, पण नेमक्या अटी, लेखी बोलणं आणि जपलेले पुरावे त्यालाही तितकेच उपयोगी.

हे सगळं केल्यावर त्रास लगेच थांबत नाही. सुरुवातीला वाढतोच, कारण नेहमीचं बटण दाबून दिवा लागत नाही हे त्याला पटायला वेळ लागतो. त्या काळात ढिलं पडू नका. त्याचे मेल मला अजूनही येतात. मी ते बुधवारी संध्याकाळी, बँक सुटल्यावर वाचते. त्याआधी वाचायचं बंधन माझ्यावर नाही, आणि तसं कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं आहे.