दोनच ठेव, पण नीट सांभाळ

यवतमाळ

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

कृषी केंद्रांसाठीचं तुझं उधारीखात्याचं सॉफ्टवेअर तयार झालं, फार आनंद वाटला. डाउनलोडला विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड अशा सगळ्याच बिल्ड ठेवायचं तुझ्या मनात आहे. त्याआधी माझं थोडं ऐक.

पहिलं म्हणजे घाटंजी, दारव्हा, पांढरकवड्याच्या दुकानांत जा. काउंटरवर कोणतं विंडोज आहे, ३२ बिट की ६४ बिट, ते लिहून आण. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला गर्दी असते. तेव्हा प्रोग्राम उघडलाच नाही, तर दुकानदार कागदी वही काढेल आणि पुन्हा तुझ्या वाटेला जाणार नाही.

विंडोजसाठी फक्त ३२ बिटची बिल्ड दे. ती ६४ बिटच्या विंडोजवर, अगदी विंडोज ११ वरही चालते. ६४ बिटची मात्र ३२ बिटवर चालत नाही. उधारीच्या हिशेबाला मेमरी लागते किती? शिवाय एकच बटण असलं की कोणतं दाबायचं हा प्रश्न उरत नाही.

विंडोज ७ चं मात्र जपून ठरव. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद केले. तू पायथन वापरतोस, ३.९ पासूनचं पायथन त्यावर चालत नाही आणि ३.८ च्या सुरक्षा दुरुस्त्याही २०२४ मध्ये थांबल्या. असे संगणक बरेच निघाले, तरच जुनी आवृत्ती वेगळी ठेव आणि तिच्यात नवीन काही येणार नाही, हे तिथेच स्पष्ट लिही.

अँड्रॉइडच्या एकाच एपीकेत ३२ आणि ६४ बिट दोन्ही घाल. फाइल थोडी मोठी होईल, पण जुने स्वस्त फोन सुटणार नाहीत. प्ले स्टोअरला तर ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिट लागतंच.

मॅक सध्या नको. तुझ्याकडे मॅक नाही, मग तपासणार कशावर? लिनक्स कुणी मागितलं आणि वापरून बघायला तयार झालं, तर जरूर दे.

डाउनलोडला ठेवलेली प्रत्येक बिल्ड हा दिलेला शब्द असतो. दर नव्या आवृत्तीला ती पुन्हा बांधावी लागते, तपासावी लागते, तिच्यासाठी येणारे फोन घ्यावे लागतात. म्हणून जिच्यावर तू स्वतः एक बिल काढून, छापून पाहिलं नाहीस, ती बिल्ड लोकांच्या हाती देऊ नकोस.

तुझा,
मामा