ऑलिंपसवरचं बारावं आसन कोणाचं?

प्रश्न : मी नववीत शिकते. आमच्या गटाने प्रकल्पासाठी ‘प्राचीन ग्रीक देव’ हा विषय घेतला आहे. ऑलिंपस पर्वतावर बारा देव राहत, असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण नावं जुळत नाहीत. एका पुस्तकात चुलीची देवी हेस्टिया आहे, तर दुसऱ्यात तिच्याऐवजी द्राक्षारसाचा देव डायोनायसस. मैत्रीण म्हणते, हेस्टियाने आपलं आसन डायोनायससला देऊन टाकलं. शिवाय पाताळाचा राजा हेडीस हा झ्यूसचा सख्खा भाऊ, तरी तो यादीत नाही. खरी यादी कोणती? आणि या देवांचं काही आपल्याकडे सापडलं आहे का?

उत्तर : यादी जुळत नाही हे तुमच्या लक्षात आलं, हीच तुमच्या प्रकल्पाची खरी सुरुवात. जुळत नाही, कारण ग्रीकांची स्वतःचीच यादी एक नव्हती. बारा हा आकडा पक्का होता. त्यात कोण बसणार, हे गावागणिक बदलत असे.

अथेन्सपासून सुरुवात करू. तिथल्या बाजारचौकात, म्हणजे अगोरात, इ.स.पू. ५२२च्या सुमारास बारा देवांची वेदी उभारली गेली. जुलमी सत्ताधीश पिसिस्ट्रेटस याच्या त्याच नावाच्या नातवाने ती बांधली. अथेन्सहून इतर गावांची अंतरं या वेदीपासून मोजत. संकटात सापडलेली माणसं आसरा मागायला तिच्यापाशी येऊन बसत. आज तिचा बराचसा भाग अथेन्स–पिरीअस रेल्वेच्या रुळांखाली गेला आहे आणि एक कोपराच काय तो दिसतो. जवळच्या टेकडीवर पार्थेनॉन हे अथीनेचं मंदिर आहे. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात ते बांधलं गेलं. त्याच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर बारा देव बसलेले दिसतात : झ्यूस, हेरा, अथीना, पोसायडन, डिमीटर, अपोलो, आर्टेमिस, अ‍ॅरीस, अ‍ॅफ्रोडायटी, हिफेस्टस, हर्मिस आणि डायोनायसस. हेस्टिया त्यांत नाही.

आता ऑलिंपियाला जाऊ. नावावरून गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगते : देवांचा ऑलिंपस पर्वत ग्रीसच्या उत्तरेला आणि खेळांचं ऑलिंपिया दूर नैर्ऋत्येला. तिथे बारा देवांसाठी सहा वेद्या होत्या, प्रत्येक वेदी दोघांची. पण त्या बारांत झ्यूसचे आईवडील ऱ्हिया आणि क्रोनस होते, आणि ऑलिंपियाजवळून वाहणारी अल्फिअस नदीसुद्धा होती. ग्रीक नद्यांना पुरुषदेव मानत, त्यामुळे अल्फिअस हा ‘तो’. ज्या नदीच्या पाण्यावर गाव जगतं, तिला आपल्या बारांत बसवायला तिथल्या लोकांना कुणाची परवानगी लागली नाही. मला ही यादी सगळ्यांत आवडते.

तत्त्वज्ञ प्लेटोच्या लेखनात तर आणखी दोन तऱ्हा आहेत. एका संवादात झ्यूस पंख असलेल्या रथातून पुढे निघतो, मागे देवांच्या तुकड्या चालतात आणि हेस्टिया एकटी घरी थांबते. म्हणजे इथे ती बारांतली आहे. उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’ या ग्रंथात मात्र आदर्श नगराच्या सणांची आखणी करताना त्याने वर्षाचा बारावा महिना प्लूटोला, म्हणजे तुमच्या हेडीसला, दिला. हेडीस एरवी यादीत नसतो, याचं कारण साधं आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली : आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला, पाताळ हेडीसला. पृथ्वी आणि ऑलिंपस सामाईक राहिले. पण हेडीसचं घर खाली आणि तो तिथून क्वचितच बाहेर पडतो. लोक त्याचं नाव घ्यायलाही कचरत. ‘प्लूटो’ हे नाव ग्रीक भाषेतल्या संपत्तीच्या शब्दावरून आलं आहे. धान्य आणि धातू जमिनीखालूनच येतात ना!

आता तुझ्या मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट. हेस्टियाने आसन सोडलं, हा प्रसंग जुन्या ग्रीक वा रोमन ग्रंथांत सापडत नाही. रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीच्या १९५५ साली आलेल्या ग्रीक कथांच्या पुस्तकाने तो रूढ केला आणि अलीकडे पर्सी जॅक्सनच्या कादंबऱ्यांतून तो तुमच्या पिढीपर्यंत पोचला. गोष्ट गोड आहे. पण तिच्यामुळे हेस्टिया बिचारी, मागे सारलेली वाटू लागते, आणि हे मला खटकतं.

कारण ग्रीक घरात ती अजिबात मागे नव्हती. ‘हेस्टिया’ या शब्दाचा अर्थच चूल. देवीचं नाव आणि घरातल्या अग्नीची जागा यांना एकच शब्द. क्रोनस आपली मुलं गिळत असे, त्यात पहिली गिळली गेली ती हेस्टिया. पुढे त्याने ती ओकून टाकली, तेव्हा सर्वांत शेवटी बाहेर आली तीही हेस्टियाच. म्हणून ती भावंडांत थोरलीही आणि धाकटीही. पोसायडन आणि अपोलो या दोघांनी तिला मागणी घातली, तेव्हा तिने झ्यूसच्या मस्तकाला हात लावून आजन्म कुमारी राहण्याची शपथ घेतली. झ्यूसने तिला घराच्या मधोमध जागा दिली आणि नैवेद्यातला पहिला वाटा दिला. नवी वसाहत करायला निघालेले लोक मूळ गावाच्या सार्वजनिक चुलीतला अग्नी सोबत नेत. तिच्या कथा थोड्या आहेत, कारण ती जागची हलत नाही. चूल घर सोडून भटकायला लागली तर घरात शिजणार काय?

डायोनायसस ‘नंतर आलेला’ ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. कथांमध्ये तो सतत परदेशातून येतो, म्हणून अभ्यासकही त्याला उशिरा आलेला, बाहेरचा देव मानत. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस याने ‘लिनिअर बी’ या लिपीचा उलगडा केला. कारकुनांनी मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या त्या लिपीतल्या नोंदी इ.स.पू. १२०० च्याही आधीच्या, होमरहून कितीतरी जुन्या. त्यांत झ्यूस, हेरा, पोसायडन यांच्याबरोबर डायोनायससचंही नाव निघालं. परका समजला गेलेला हा देव पहिल्यापासून घरातलाच होता.

मग प्रकल्पात लिहायचं काय? ग्रीकांकडे सर्वांना बंधनकारक असा एक धर्मग्रंथ नव्हता. देवांच्या कथा कवी सांगत, नाटककार बदलत आणि प्रत्येक देऊळ स्वतःची जपत असे. एकट्या ‘इलियड’मध्येच लंगडा लोहार हिफेस्टस स्वर्गातून दोनदा फेकला जातो : एका ठिकाणी झ्यूस त्याला फेकतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची आईच. म्हणून प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली आणि केव्हा, हे लिहा. मग गंमत दिसेल. सुंदर मेडूसाला अथीनेने शाप देऊन सर्पकेशी केलं, ही कथा रोमन कवी ओव्हिडची, इ.स. ८च्या आसपासची. तिच्या सुमारे ७०० वर्षं आधी ग्रीक कवी हेसिअडने लिहिलं तेव्हा मेडूसा जन्मतःच गॉर्गन नावाच्या तिघी राक्षसी बहिणींपैकी एक होती, शापाचा विषयच नव्हता. आणि पँडोराची पेटी? हेसिअडने पेटी म्हटलेलंच नाही. त्याचा शब्द धान्य-तेल साठवायच्या मोठ्या मातीच्या भांड्याचा आहे, आपल्या भाषेत रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिन लेखनात त्या रांजणाची डबी झाली आणि तीच जगभर चालली.

तुम्ही तक्त्यावर बारा देवांचा एकच गोल काढणार असाल, तर थांबा. अथेन्सचा एक काढा, ऑलिंपियाचा दुसरा आणि प्लेटोचा तिसरा. गोल जिथे जुळत नाहीत, तिथेच तुमचा प्रकल्प आहे. एकाच यादीवर शिक्षक अडून बसले, तर पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीचं छायाचित्र नम्रपणे दाखवा.

शेवटचा प्रश्न आपल्याकडचा. हो, सापडलं आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडी आहे. तिथे १९४०च्या दशकात जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले आणि त्यांत पोसायडनची कांस्याची एक लहानशी मूर्तीही निघाली. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राकडच्या रोमन जगाशी आपला व्यापार चाले, त्या ओघात ती इथवर आली. समुद्राचा हा देव सह्याद्री ओलांडून कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोचला आहे. प्रकल्प सादर करण्याआधी जमलं तर एकदा तिथे जाऊन या.