.४१ मॅग्नम: ठेवावे की बदलावे



.४१ मॅग्नमचे जुने स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस अमेरिकेतल्या कुठल्याही साध्या दुकानात काडतुसे मागायला गेला, की त्याला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. माल नाही, किंवा एकच पेटी उरली आहे आणि तिची किंमत ही अशी. त्याच फळीवर .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमचे पाच-सहा प्रकार रचलेले दिसतात. हे देऊन टाकावे आणि सगळीकडे मिळणारे काहीतरी घ्यावे, हा विचार तिथेच डोक्यात शिरतो. विचारात गैर काही नाही. मात्र निर्णय दुकानातल्या फळीकडे बघून होत नाही. मालक वर्षाला किती काडतुसे उडवतो आणि ती स्वतः भरतो की विकत आणतो, यावर तो ठरतो.

हे कॅलिबर दुर्मीळ का राहिले, ते आधी पाहावे लागते. .३५७ मॅग्नम १९३५ सालचे, .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीचे. पहिले काही पोलिसांना अपुरे वाटे, दुसऱ्याचा धक्का बहुतेकांच्या मनगटाला झेपत नसे. या दोहोंच्या मधले काडतूस हवे म्हणून एल्मर कीथ, बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन हे तिघे नेमबाज-लेखक मागे लागले आणि १९६४ साली रेमिंग्टनने काडतूस व स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. मॉडेल ५७ हे चकचकीत, शौकिनांचे. मॉडेल ५८ साधे, न हलणाऱ्या साइटचे, खास पोलिसांसाठी. सॅन अँटोनियो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी ते घेतलेही. पण रिकाम्या मॉडेल ५८ चे वजनच अकराशे ग्रॅमच्या पुढे, आणि ते दिवसभर कमरेला लटकवायचे. शिवाय काडतुसे दोन प्रकारची निघाली होती, एक पूर्ण जोमाचे आणि एक पोलिसांसाठी सौम्य, शिशाच्या गोळीचे. लोकांच्या मनावर ठसा उमटला तो जोमदार काडतुसाचाच. बहुतेक खात्यांनी .३८ आणि .३५७ सोडले नाही. पुढे १९८० च्या दशकात पोलीस नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांकडे वळले आणि .४१ ची ती वाट कायमची बंद झाली. शिकाऱ्यांना मोठे काडतूस हवे होते, पण त्यांची पसंती .४४ लाच गेली.

म्हणजे .४१ मागे पडले ते काडतुसात खोट होती म्हणून नव्हे. २१० ग्रेनची गोळी चांगल्या वेगाने आणि सरळ जाते, हरणाच्या शिकारीला ती पुरून उरते, आणि अचूकतेबद्दल जाणकारांची तक्रार नाही. रूढ कॅलिबर ते अधिक चांगले, असा समज करून घेऊन जे बदल करतात ते पुष्कळदा वर्षभरात पस्तावतात.

काडतुसे स्वतः भरणाऱ्यासाठी प्रश्न जवळजवळ उरतच नाही. कारखान्यातल्या काडतुसात सर्वांत महाग भाग पितळी पुंगळी, आणि ती पुनःपुन्हा वापरता येते. पिस्तुलाची पुंगळी उडून गवतात जाते, रिव्हॉल्व्हरच्या सहाच्या सहा पुंगळ्या हातात पडतात, त्यामुळे दुर्मीळ कॅलिबरला रिव्हॉल्व्हरसारखे सोयीचे हत्यार नाही. बेताच्या दारूने भरल्यास एक पुंगळी कित्येक वेळा चालते. .४१ ला मोठा पिस्तूल प्रायमर लागतो, .३५७ ला लहान. ज्याच्याकडे मोठ्या प्रायमरचा साठा आहे त्याने बदलाआधी हेही हिशेबात धरावे. अडचण गोळ्यांची. .४१० इंच व्यासाच्या गोळ्यांचे प्रकार .३५७ च्या मानाने थोडे मिळतात, पण शिशाच्या ओतीव गोळ्या मागवता येतात आणि साच्यात घरीही ओतता येतात. ज्याच्याकडे प्रेस आहे, डाय आहेत आणि चार-पाचशे पुंगळ्या साठलेल्या आहेत, त्याने .४१ विकणे हा तोट्याचा सौदा आहे.

भरणीचा नाद नसलेल्याचे गणित वेगळे. कारखान्यातले .४१ आणि .३८ यांत काडतुसामागे पन्नास सेंटचा फरक धरला आणि महिन्याला शंभर गोळ्या झाडल्या, तर वर्षाचे सहाशे डॉलर होतात. दोन वर्षांत एका चांगल्या वापरलेल्या रिव्हॉल्व्हरचे पैसे त्यात निघतात. पण तोच माणूस वर्षातून एकदा शिकारीच्या मोसमात पन्नासची एक पेटी वापरत असेल, तर फरक पंचवीस डॉलरचा. त्यासाठी हातात बसलेले हत्यार देऊन टाकण्यात अर्थ नाही. दोन-तीन पेट्या एकदम मागवून कोरड्या जागी ठेवल्या की काम भागते. खरे नुकसान तिसऱ्याच माणसाचे होते. काडतूस महाग म्हणून तो सराव टाळतो, रिव्हॉल्व्हर कपाटात पडून राहते आणि त्याचा हात सुटतो. अशाने मात्र बदल करावा.

बदलायचे तर काय घ्यावे, यात फार घोळ घालण्याचे कारण नाही: .३५७ मॅग्नम. यामागचे कारण एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारी दोन काडतुसे हे आहे. .३८ स्पेशल १८९८ पासूनचे. त्याचे नाव काहीही असो, गोळी .३५७ इंचाचीच असते. .३५७ मॅग्नम काढताना त्याची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली, ती .३८ च्या जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून. .३८ स्पेशलला कमाल दाब १७,००० पीएसआय ठरवलेला आहे, .३५७ ला ३५,०००. फरक दुपटीहून थोडा जास्त. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ निर्धास्त उडवावे, उलटे कधीही करू नये. सरावाला सौम्य आणि स्वस्त .३८, गरजेला जोमदार .३५७. .४१ ला दुकानात सहज मिळणारे असे धाकटे भावंड कधी लाभलेच नाही, आणि ते मागे पडण्याचे तेही एक कारण आहे. .३५७ घेणाऱ्याला पुढेमागे त्याच काडतुसाची लिव्हर-अॅक्शन रायफलही घेता येते, मग घरात काडतुसाची एकच जात ठेवून भागते.

या सोयीला एक बारीक अडचण चिकटलेली आहे. आखूड पुंगळीचे .३८ पुष्कळ झाडले की सिलिंडरच्या प्रत्येक घरात, पुंगळीचे तोंड जिथे संपते तिथे, काजळी आणि शिशाचे कडे साचते. नंतर लांब .३५७ घालायला गेले की ते शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडते. ते अंगठ्याने रेटू नये. घराच्या मापाचा पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून प्रत्येक घरात आठ-दहा वेळा फिरवला की कडे निघते, आणि .३८ च्या प्रत्येक बैठकीनंतर हे केले तर ते साचतच नाही.

.४४ मॅग्नमचा मोह .४१ वाल्यांना फार होतो, कारण चौकट तीच आणि आवाज तोच. त्याला .४४ स्पेशल हे धाकटे भावंडही आहे. पण स्वस्ताईसाठी बदल करणाऱ्याच्या हाती .४४ ने फारसे लागत नाही. अस्वलांच्या मुलखात हिंडणाऱ्याने ते घ्यावे. .४१ चीच घरे वाढवून .४४ करण्याचे काम काही गनस्मिथ करतात, पण त्यासाठी नळीही बदलावी लागते आणि एकूण खर्चात दुसरे रिव्हॉल्व्हर येते. .४१ चे .३५७ तर होणारच नाही. मोठे भोक लहान करता येत नाही. नऊ मिलिमीटर सर्वांत स्वस्त, हे खरे. पण त्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसल्याने बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये ते चकतीसारख्या मून क्लिपमध्ये बसवावे लागते, आणि ती क्लिप जराशी वाकली की सिलिंडर फिरायला अडतो. रुगरच्या ब्लॅकहॉकच्या एका प्रकारात .३५७ आणि नऊ मिलिमीटर असे दोन सिलिंडर मिळतात, क्लिप लागत नाही; निवांत नेमबाजीला तो चांगला पर्याय आहे.

रूढ कॅलिबर टंचाईत तारून नेते, अशी एक समजूत आहे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा पडला तेव्हा उलट चित्र दिसले. नऊ मिलिमीटर आणि .३८ ची फळी सर्वांत आधी रिकामी झाली, कारण ती मागणारेच जास्त. मात्र माल परत आला तोही आधी नऊ मिलिमीटरचा. कारखान्यांनी यंत्रे तिकडे लावली आणि .४१ सारख्यांची पाळी फार उशिरा आली. तेव्हा तुटवड्याचा उपाय घरातला बेताचा साठा हाच, मग कॅलिबर कुठलेही असो.

रूढ म्हणजे काय, हे देशागणिक बदलते. भारतात परवान्याच्या रिव्हॉल्व्हरचे नेहमीचे कॅलिबर .३२ हे आहे. रिव्हॉल्व्हर कानपूरचे, काडतुसे पुण्याच्या खडकीची. अमेरिकेत तेच .३२ शोधत फिरावे लागते. भारतात आजोबांचे जुने रिव्हॉल्व्हर बदलायचे म्हटले तर पुरवठ्याआधी कायदा येतो: लष्करी .३८० आणि .४५५ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच हत्यारे राहू शकतात, आणि स्वतःचे हत्यार विकण्याआधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. तिथले सल्ले अमेरिकेत आणि अमेरिकेतले तिथे लागू पडत नाहीत. त्या .३८० वरून एक इशारा मात्र दोन्हीकडे खरा. जुनी इंग्रजी .३८ रिव्हॉल्व्हरे .३८ एस अँड डब्ल्यू या आखूड, जाड काडतुसाची असतात. पुष्कळांची घरे नंतर लांब करून त्यांत .३८ स्पेशल बसेल असे केलेले असते. पुंगळी त्यात फुगते, कधी चिरते. स्वस्तात मिळाले म्हणून असले हत्यार .३८ समजून घेऊ नये.

वापरलेले .३५७ घेताना आधी ते रिकामे असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी, दुकानदाराने सांगितले तरी. मग सिलिंडरवर बोट हलके टेकवून घोडा सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे पोचण्याआधी सिलिंडर अडकल्याचा टक् आवाज यायला हवा, आणि तोही सहाही घरांवर. एखाद्या घरावर नाही आला, तर गोळी नळीच्या कडेला घासून जाणार. सिलिंडर आणि नळी यांमधली फट पातळ पात्याच्या गेजने मोजतात. चार ते आठ हजारांश इंच ठीक, दहाच्या पुढे असेल तर ते हत्यार बाजूला ठेवावे. त्यानंतर नळीचे मागचे तोंड उजेडात धरून बघावे. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ सारख्या मध्यम चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये या तोंडाचा खालचा भाग जागेसाठी सपाट कापलेला असतो, आणि १२५ ग्रेनच्या जोमदार काडतुसांनी तिथे तडा गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हा दोष निस्तरायला कंपनीने १९८० च्या सुमारास थोडी मोठी चौकट काढली. मॉडेल ५८६ आणि ६८६ त्या चौकटीची. रुगरचे जीपी १०० हेही तितकेच दणकट. अर्ध्या किलोच्या आतले खिशातले .३५७ मात्र .४१ हून जास्त लागते. हाताला त्रास होतो म्हणून बदल करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतल्या कायद्याचे थोडक्यात. दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी रिव्हॉल्व्हरचा व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच करावा लागतो. एकाच राज्यात दोघांचा आपसातला व्यवहार काही राज्यांत चालतो, काहींत तिथेही तपासणी लागते. दुकानातून हँडगन घ्यायला वय एकवीस पूर्ण हवे आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म खरा भरावा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्याला अडचण नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला मात्र हत्यार बाळगायलाच मनाई आहे. याला वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. म्हणून तसल्या मित्राकडे रिव्हॉल्व्हर 'थोडे दिवस ठेवायला' देऊ नये.

दुकानात अदलाबदल करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत तोट्याचे, कारण दुकानदाराला ते पुन्हा विकून नफा काढायचा असतो. कमिशनवर दुकानात ठेवले तर वेळ लागतो, पण हाती जास्त पडते. जुन्या मॉडेल ५७ किंवा ५८ ला तर घाई करूच नये. नळी पिनेने पक्की केलेली आणि सिलिंडरची घरे काडतुसाच्या कडेपुरती खोल केलेली, अशी घडण स्मिथ अँड वेसनने १९८२ च्या सुमारास बंद केली, आणि संग्राहक त्याच घडणीच्या शोधात असतात. मूळ लाकडी पेटी आणि मूळ मूठ असेल तर भाव आणखी चढतो. पुन्हा ब्लूइंग करून चकचकीत केलेले मात्र त्यांना नको असते, तेव्हा विकण्याआधी त्याला पॉलिश लावायला जाऊ नये. तेलाचे फडके पुरे. शिल्लक काडतुसे, रिकाम्या पुंगळ्या आणि डाय रिव्हॉल्व्हरबरोबर फुकटात देऊ नयेत, वेगळे विकावेत. .४१ च्या पुंगळ्यांना भरणी करणाऱ्यांकडून नेहमीच मागणी असते आणि चार-पाचशे पुंगळ्यांत नव्या .३५७ ची सुरुवातीची काडतुसे सहज निघतात.