धनुष्याजोगा बाण

द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. नेमबाजाची नजर स्थिर हवी, यात शंका नाही. परंतु नजर स्थिर असूनही बाण भलतीकडे गेला, तर दोष कोणाचा? लहानपणी या प्रश्नाने मला फार छळले.

आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी होते. तेथे मी वेळूचे एक धनुष्य केले आणि सुताराकडून सागाच्या तीन गोल काठ्या आणून त्यांचे बाण केले. मागे खाच, खाचेपुढे कोंबड्याची पिसे, टोकाला लोखंडी टोपण. तिन्ही बाण दिसण्यात सारखे. परंतु पेंढ्याच्या भाऱ्यावर सोडले की एक नेमका मध्ये रुते आणि उरलेले दोन हटकून डावीकडे जात. "आधी नेम धरायला शीक!" असे म्हणून घरची मंडळी हसत.

आमच्या शेतावर एक वृद्ध भिल्ल गृहस्थ राखणीस असत. त्यांच्या धनुष्याची दोरीसुद्धा वेळूच्या चिवट कांबीची होती. बाण मात्र बोरूचे. (संस्कृतात 'शर' हे बाणाचे नाव आहे आणि बोरूसारख्या एका गवताचेही!) त्यांनी माझा एकेक बाण दोन्ही हातांत धरून किंचित वाकवून पाहिला आणि ते म्हणाले, "पोरा, बाण खोटा नाही. तो या कामठ्याचा नव्हे, एवढेच."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा. उजव्या हाताने दोरी ओढणारा धनुष्य डाव्या हातात धरतो आणि बाण मुठीच्या डाव्या अंगास टेकवतो. सोडलेली दोरी धनुष्याच्या मध्याकडे धावते. पण तेथे तर मूठ आडवी आलेली! बाण अगदी ताठ असता, तर तो डावीकडेच फेकला गेला असता. प्रत्यक्षात मागून बसलेल्या धक्क्याने बाण वाकतो, आधी एका अंगास, मग दुसऱ्या, आणि सर्पासारखा मुठीला वळसा घालून निघतो. पुढे पिसांच्या साह्याने ही सळसळ शमते. डोळ्यांना हे दिसत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन यांनी 1930 नंतरच्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याची चित्रे घेतली.

बाण धनुष्याच्या जोराच्या मानाने ताठ असला, तर पुरेसा वाकत नाही व डावीकडे जातो. फार लवचीक असला, तर उजवीकडे. डावखुऱ्यांनी या दिशा उलट समजाव्या.

हा ताठरपणा मोजताही येतो. 26 इंच अंतरावरील दोन टेकूंवर काठी आडवी ठेवून मध्यभागी 2 पौंडांचे वजन टांगतात. काठी जितके इंच लवेल, त्या संख्येने 26 ला भागतात. 0.65 इंच लवली, तर उत्तर 40 येते. म्हणजे ती साधारणपणे 40 पौंड ओढीच्या धनुष्याजोगी. घरी केलेल्या धनुष्याची मूठ जाड असते, वळसा मोठा पडतो. म्हणून त्याला याहून थोडी लवचीक काठी लागते.

काठी तासताना मात्र फार जपावे लागते. जाडी एक दशांशाने कमी केली, की ताठरपणा जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो! शिवाय लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. तडा गेलेला बाण सुटताना मोडून हातात घुसू शकतो. तो कधीही लावू नये.

मी एक बाण काचेच्या तुकड्याने खरवडत गेलो. थोडे खरवडावे, सोडून पाहावे. सायंकाळी तो मध्ये रुतला. दुसऱ्याच्या वेळी उतावीळपणा नडला. तो उजवीकडे जाऊ लागला. बाण आखूड केला की अधिक ताठ होतो, हे खरे. पण इंचभर कापता तर दोरी पुरती ओढता आली नसती. तो मी कोपऱ्यात टाकून दिला.

चार दिवसांनी धाकट्या बहिणीने तो उचलला आणि आपल्या लहानशा, हलक्या धनुष्याला लावला. बाण थेट भाऱ्याच्या मध्यावर बसला. मी मागितला, तर ती तो परत देईना.