निवडून आलेले, तरी ‘नेमलेले’

प्रश्न : दिल्लीच्या जुन्या केंद्रीय विधिमंडळाच्या कागदपत्रांत बापूजी अणे यांचे नाव पाहिले. नावापुढे कंसात ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे छापले आहे आणि कायद्याच्या भाषेत ते निवडून आलेले नव्हे, तर सरकारने नेमलेले सदस्य ठरतात, असे एका जाणकारांनी सांगितले. आमचे आबाजी तर सांगायचे, की अण्यांच्या निवडणुकीत त्यांनी स्वतः खाचर जुंपून मतदार नेले होते. मंग खरं काय समजावं? आबाजींची गोष्ट का सरकारी कागद?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : दोन्ही खरे. आबाजींनी मतदार नेले ते निवडणुकीलाच. उमेदवार उभे राहत, प्रचार होई, मते मोजली जात आणि कोणी तरी जिंकेही. फक्त जिंकलेला माणूस त्या क्षणी सदस्य होत नसे. त्याचे नाव सरकारकडे जाई आणि सरकार त्याच माणसाची नेमणूक करी. नेमणूक झाली की तो सभागृहात बसायला मोकळा. १९१९ च्या कायद्याने नागपूरला जे प्रांतिक कौन्सिल आले, त्यात वऱ्हाडच्या १७ जागा याच वाटेने भरल्या जात. दिल्लीच्या असेंब्लीत बापूजी अणे असेच गेले. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे गेले तेही असेच. (मताधिकार तेव्हा सारा भरणाऱ्यांपुरता आणि मिळकतदारांपुरता होता, त्यामुळे एका खाचरात गावचे सगळे मतदार मावले असतील तर नवल नको.)

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. ती निजामाची भूमी होती.

१८५३ मध्ये कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतले ते ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्चाचा बोजा हैदराबादच्या खजिन्यावर. तो भरता भरता निजाम कर्जात गेला आणि देशातल्या उत्तम कापसाच्या जमिनीपैकी एक पट्टा त्यात गेला. तरी मालकी निजामाचीच राहिली. सरकारी दप्तरात आपल्या भागाचे नाव बराच काळ ‘हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे’ असे होते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम हैदराबादला द्यावी, असे ठरले होते. ती किती उरली, यावर अर्धशतक कुरबुर चालली. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून कायमचा पट्टा करून घेतला. वर्षाला २५ लाख रुपये. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेले, वाशीम अकोल्यात, आणि वणीच्या जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले.

आपल्याकडे वावर मक्त्याने देतात. पेरतो, निंदतो, कापूस वेचतो मक्तेदार, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचे. वऱ्हाडाच्या सातबाऱ्यावर निजाम होता.

आता लंडनच्या कायदेपंडितांपुढची अडचण लक्षात येईल. पार्लमेंटचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानपुरता. त्यातल्या कौन्सिलांवर परक्या मुलखातल्या मतांनी माणूस निवडून यावा कसा? आणि वऱ्हाडसारख्या सारा भरणाऱ्या, कापूस पिकवणाऱ्या, वकिलांनी गजबजलेल्या भागाला वगळावे तरी कसे? म्हणून निवडणुकीला मागच्या दाराने आत घेतले. याची दुसरी बाजू आणखी गमतीची. नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे सदस्य ज्या कायद्यावर तावातावाने बोलत, तो मंजूर झाला तरी आपोआप वऱ्हाडला लागू होत नसे. त्यासाठी परक्या मुलखावरील अधिकाराच्या हुकुमाखाली वेगळी अधिसूचना काढावी लागे.

कागदावर परकी ठरलेली ही मंडळी प्रत्यक्षात मात्र सगळीकडे पुढे. १८९७ ची काँग्रेस अमरावतीत भरली. अध्यक्ष सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा तुरुंगात होते. १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले रघुनाथ नरसिंह मुधोळकर, अमरावतीचे वकील. मध्य प्रांताच्या सरकारात गृहखाते आधी सर मोरोपंत जोश्यांकडे आणि १९२५ पासून श्रीपाद बळवंत तांबे यांच्याकडे होते. दोघेही अमरावतीचे वकील. याच मोरोपंतांच्या समितीने पुढे संमतिवयाचा प्रश्न तपासला आणि १९२९ च्या शारदा कायद्याचा रस्ता मोकळा केला. तांब्यांचे प्रकरण तर कादंबरीला शोभेल. ते स्वराज्य पक्षाचे, म्हणजे सरकारी पदे घ्यायची नाहीत असे ठरवलेल्या पक्षाचे. कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी गृहखात्याचे पद स्वीकारले, मोतीलाल नेहरू संतापले आणि पक्षाला तडा गेला. मिळेल ते पद घेऊन काम करावे, या मताच्या जयकर, केळकर, मुंजे, अणे यांनी प्रतियोगी सहकारितेचा झेंडा उभारला तो फेब्रुवारी १९२६ मध्ये, अकोल्यात. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही होते. ज्या मुलखातून सदस्य थेट निवडून येऊ शकत नव्हता, तिथला वकील अख्ख्या प्रांताचा गव्हर्नर!

या पिढीचे राजकारण वकिलांचे आणि इनामदारी थाटाचे होते, हेही सांगायला हवे. खापर्ड्यांना लोक ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत ते त्यांच्या खर्चिक, दिलदार राहणीमुळे. टिळकांच्या अपिलासाठी ते १९०८ मध्ये विलायतेला गेले, उतारवयापर्यंत रोजनिशी लिहीत राहिले, आणि शिर्डीच्या मुक्कामातली त्यांची दैनंदिनी साईभक्त आजही वाचतात. पण कुणब्याचे, दलिताचे पोर या बैठकीत कुठे होते? ते दार उघडले पुढच्या पिढीने. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला, डॉ. आंबेडकर त्यासाठी इथे आले, आणि त्या लढ्यात पापळचे पंजाबराव देशमुख होते. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. दोन वर्षांनी तो प्रांताचा मंत्री होता. माझ्या मते वऱ्हाडातली लोकसत्ता खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. त्याआधीची हुशारी मोठी, पण वर्तुळ लहान.

प्रश्न : हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. तो कधी आमच्या अचलपूर-परतवाड्याकडे राज्य करायला आला होता काय? की हे नुसतेच नाव?
— परतवाड्याच्या एक वाचक

उत्तर : नुसतेच नाव, पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. निजाम उस्मान अली खानाने १९२३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगकडे वऱ्हाड परत मागितले. इथली जनता कुरकुरेल हे ओळखून त्याने वर आमिष दाखवले, की वऱ्हाडला जबाबदार राज्यपद्धती देऊ. स्वतःच्या हैदराबादी रयतेला त्याने तसले काही दिले नव्हते, त्यामुळे वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी हे आश्वासन कितपत मनावर घेतले असेल, ते तुम्हीच ताडा. रेडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात मागणी झिडकारली आणि हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता ब्रिटिश राजमुकुटाची, असे निजामाला स्पष्ट शब्दांत सुनावले. संस्थानिकांच्या इतिहासात ते पत्र प्रसिद्ध आहे. त्याचे कारण आपले वऱ्हाड होते, हे आपल्याकडेच फारसे कोणाला आठवत नाही.

मग संस्थानांनाही सामावणाऱ्या संघराज्याची बोलणी सुरू झाली आणि इंग्रजांना निजामाची मर्जी हवी झाली. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात देवघेव झाली. वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व मान्य, कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर एकाच गव्हर्नराकडे. वर्षाचे २५ लाख चालू. निजामाचा झेंडा इंग्रजी झेंड्याबरोबर फडकणार, वऱ्हाडातल्या माणसांना तो हैदराबादी किताब देऊ शकणार, आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी. प्रांताचे ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे अधिकृत नाव याच सुमाराचे. झेंडा, किताब, पदवी यांत निजाम खूश झाला. सत्ता जिथे होती तिथेच राहिली.

पदवीचा साचा इंग्रजांच्या घरचा होता. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा, वेगळ्या भाषेचा मुलूख. तो जिंकल्यावर पहिल्या एडवर्ड राजाने १३०१ मध्ये आपल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ केले, तेव्हापासून गादीच्या वारसाला ही पदवी देण्याची रीत पडली. वारस वेल्समध्ये राहत नाही की तिथे राज्यही करत नाही. १९११ मध्ये कार्नार्व्हनच्या किल्ल्यात एका राजपुत्राला हा मान समारंभाने देण्यात आला, आणि तो थाट घडवून आणण्यात पुढाकार होता वेल्श भाषेत वाढलेल्या लॉइड जॉर्ज यांचा. आमच्या वऱ्हाडी सदस्यांना ‘नेमलेले’ ठरवणारा १९१९ चा कायदा हेच लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना झाला. आणि १९११ चा तो राजपुत्र १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये, वऱ्हाडचा करार झाला तेव्हा, आठवा एडवर्ड म्हणून गादीवर होता. दीड महिन्यात त्याने ती सोडली.

आपल्या ‘प्रिन्स’ आझम जाहच्या नशिबी गादी आलीच नाही. १९६७ मध्ये उस्मान अली खान वारला तेव्हा वारसा मुलाला डावलून नातू मुकर्रम जाहकडे गेला. आझम जाहची बेगम दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली एक शाहजादी ‘वऱ्हाडची युवराज्ञी’ म्हणून ओळखली गेली. वऱ्हाडी जेवण तिने कधी चाखले असेल, असे वाटत नाही.

प्रश्न : १८५३, १९०२, १९३६. एवढे करार झाले. वऱ्हाडच्या लोकांना कोणी एकदा तरी विचारले का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अकोला

उत्तर : नाही. तिन्ही वेळा सही एकीकडे निजामाची आणि दुसरीकडे इंग्रजांची. ज्यांची जमीन, ते दोन्ही बाजूंना नव्हते.

वेल्सचा विषय निघालाच आहे, तर तिथले बघा. तिथल्या लोकांना स्वतःचे विधिमंडळ हवे का, असे मतपेटीतून विचारले गेले. १ मार्च १९७९ ला त्यांनी जवळजवळ चारास एक अशा प्रमाणात नकार दिला. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा विचारले, तेव्हा होकार आला तो ६,७२१ मतांनी. इतक्या थोड्या फरकाने मिळालेले सभागृह १९९९ पासून कार्डिफमध्ये चालू आहे, आणि ते नकोच म्हणणारेही त्यात निवडून येऊन बसले.

वऱ्हाडात विचारणा झाली ती पुढाऱ्यांची, तीही आपल्याच घरातल्या माणसांनी केलेली. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार तुमच्या शहरातला. स्वातंत्र्याला आठवडा उरला होता. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भाच्या पुढाऱ्यांनी ठरवले, की एक महाराष्ट्र व्हावा पण त्यात दोन उपप्रांत असावेत आणि दोघांना स्वतंत्र विधिमंडळ, स्वतंत्र मंत्रिमंडळ मिळावे. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी महाविदर्भाची बाजू नेटाने मांडणाऱ्यांपैकी. एवढी कलमे, एवढी लेखी हमी इथल्या पुढाऱ्यांना का लागते, असे पुण्या-मुंबईचे लोक विचारत. ज्यांचा मुलूख शंभर वर्षे दुसऱ्यांच्या करारपत्रावर फिरत राहिला, त्यांनी कागद मागितला यात मला काही वावगे दिसत नाही. उलट अकोला करारातली रचना त्यानंतरच्या कुठल्याही तोडग्यापेक्षा धीट होती, आणि ती गुंडाळली गेली ही महाराष्ट्राची चूक होती, असे माझे मत आहे.

पुढचे थोडक्यात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत गेले आणि नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन व उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि विकास मंडळांची तरतूद राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात बसवली गेली. बापूजी अणे तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. तरी १९६२ मध्ये विदर्भ राज्याच्या मागणीवर ते नागपुरातून लोकसभेवर गेले. ३७१ मधली विकास मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.