लायब्ररी आहे, पण कोणत्या पायथनमध्ये?

रिक्वेस्ट्स ही लायब्ररी टाकायला गेलं की पिप म्हणतं, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. लगेच एडिटरमध्ये कोड चालवला की उत्तर येतं, 'नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स'. हे दोन्ही संदेश खरे असतात. पण त्यांतला एक चुकीचा आहे असं धरून नवशिके लायब्ररी काढतात, पुन्हा टाकतात, आणि तरीही जमलं नाही की पायथनच नव्याने बसवतात. या शेवटच्या उपायाने दुखणं बहुधा वाढतं, कारण संगणकावर आणखी एका पायथनची भर पडते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: इम्पोर्ट अडला की काहीही इन्स्टॉल करण्याआधी हा कोड नेमकं कोणतं पायथन चालवतंय, हे पाहा.

संगणकावर पायथन एकच आहे, हे आपलं गृहीतक सहसा टिकत नाही. लिनक्समध्ये सिस्टिमचं स्वतःचं पायथन असतं, कधीतरी अ‍ॅनाकोंडा टाकलेलं असतं, विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आणखी एक आलेलं असतं. प्रत्येकाचं लायब्रऱ्या ठेवण्याचं फोल्डर वेगळं असतं, आणि इम्पोर्टची ओळ आली की पायथन फक्त आपल्या 'सिस डॉट पाथ' या यादीतल्या जागा धुंडाळतं. पिपही यांपैकी कुणातरी एकाचंच असतं. टर्मिनलमध्ये नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहिलं तर जे पिप आधी सापडेल ते धावतं, आणि लायब्ररी त्याच्या पायथनमध्ये जाऊन बसते. डबा शेजारच्या घरी पोचवावा आणि ताट आपल्या घरी मांडावं, तसं होतं. याचा पुरावा पिपच्या त्याच संदेशात असतो. 'ऑलरेडी सॅटिस्फाइड'च्या पुढे लायब्ररी कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तो पूर्ण पत्ता छापलेला असतो. तो वाचायची सवय लावून घ्यावी, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

उरलेलं निम्मं दोन ओळींत होतं. फाइलच्या सुरुवातीला 'इम्पोर्ट सिस' लिहून 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. कोड चालवणाऱ्या पायथनचा पत्ता समोर येतो. तो आणि पिपने छापलेला पत्ता एकाच पायथनचे नसतील, तर कोड चालवणाऱ्या पायथनच्या पत्त्यापुढे '-एम पिप इन्स्टॉल' जोडून लायब्ररी टाका. मग ती दुसरीकडे जाऊ शकत नाही. व्हीएस कोडमध्ये मात्र आणखी एक पायरी आहे. इम्पोर्टखाली दिसणारी नागमोडी रेघ पायलान्स हे एक्स्टेन्शन काढतं, आणि ते कोड चालवत नाही, निवडलेल्या इंटरप्रिटरची फोल्डरं फक्त वाचतं. म्हणूनच कधी कोड सुरळीत चालतो आणि रेघ तशीच राहते. अशा वेळी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' मधून योग्य पायथन निवडावं. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुन्याच पायथनवर राहू शकतं, ते बंद करून नवीन उघडावं. कॉमेंट टाकून रेघ लपवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला घातक वाटतो. पुढे खरोखर लायब्ररी नसेल तेव्हाही ती इशारा देणार नाही.

यावर कुणी म्हणेल, 'सिस डॉट पाथ'मध्ये ते दुसरं फोल्डर जोडलं की काम भागतं. साध्या लायब्ररीचं भागेलही. पण नमपायसारख्या लायब्रऱ्यांतला बराच भाग कंपाइल केलेला असतो, आणि तो त्या त्या आवृत्तीसाठी बांधलेला असतो, ३.११ साठीचा नमपाय ३.१२ मध्ये चालत नाही. त्यापेक्षा प्रत्येक प्रकल्पाला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याचं वेगळं पायथन, द्यावं. त्यावर दुसरा आक्षेप असा, की शिकणाऱ्याला हे ओझं कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही, पहिल्या दिवशी ते खरंच ओझं वाटतं. पण 'व्हेन्व्ह' २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून, पायथनसोबतच येतं, आणि 'पायथन -एम व्हेन्व्ह' या एका आज्ञेत प्रकल्पाला स्वतःचं पायथन मिळतं. शिवाय काही ठिकाणी आता पर्यायही फारसा उरलेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ वर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' सांगून ते नकार देतं. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय देऊन तो नकार मोडता येतो. पण सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, तेव्हा ते करू नये.

दोन्ही पत्ते एकाच पायथनचे निघाले आणि तरीही इम्पोर्ट अडला, तर मग नाव तपासावं. ओपनसीव्ही टाकताना 'ओपनसीव्ही-पायथन', पण इम्पोर्ट करताना 'सीव्ही२'. पिलो टाकायचं आणि 'पीआयएल' इम्पोर्ट करायचं. 'सायकिट-लर्न'चं होतं 'एसकेलर्न'. त्रुटीत दिसलेलं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नये, पिप जिथून लायब्रऱ्या आणतं त्या भांडारात मिळत्याजुळत्या नावांची घातक पॅकेजेस आजवर सापडलेली आहेत. लायब्ररीच्या अधिकृत पानावरचं नावच वापरावं. आणि आपल्याच फाइलला 'रिक्वेस्ट्स' असं नाव दिलेलं असेल, तर पायथन आधी चालणाऱ्या फाइलच्या फोल्डरमध्ये पाहतं आणि खऱ्या लायब्ररीऐवजी तीच उचलतं. तेव्हा फाइलचं नाव बदलायचं, इन्स्टॉल काहीच करायचं नाही.